बाकावरचे भुवड सर

बास्केटबॉल शिकवणारा माणूस ताडमाड असणार, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे "हे आपले असिस्टंट कोच, भुवड सर" म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी ज्यांची ओळख करून दिली, ते माझ्याच उंचीचे निघाले तेव्हा मला हसू आवरेना. मी बसच्या दांड्याला हात पोचावा म्हणून टाचा उचलणारी बाई. भुवड सरांना माझं हसू दिसलं. ते म्हणाले, "मॅडम, उंच माणसं बास्केटखाली लागतात. त्यांच्यापर्यंत बॉल नेऊन द्यायला माझ्यासारखा बुटकाच बरा."

मीरा रोडच्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. म्हणजे गुजराती, मारवाडी, मल्याळी, उत्तर भारतीय आणि घरी हिंदीच बोलणाऱ्या मराठी मुलांना मराठीत पास करणं, हे माझं काम. मुलींची टीम बाहेर खेळायला निघाली की सोबत एक बाई लागते. बाकीच्या बायकांना संसार होते, मुलं होती, क्लास होते. माझा मुलगा नोकरीला लागलेला आणि नवरा स्वतःचा चहा स्वतः करणारा, म्हणून ती बाई मी झाले. नाटकात झाडाचं काम मिळावं तसं मला टीममध्ये ते काम मिळालं. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन कोर्टच्या कडेला बसायची आणि शिट्टी वाजली की दचकायची.

भुवड सर मूळचे रत्नागिरीकडचे. दिवसा एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी आमच्या शाळेत कोचिंग, आणि राहायला पूनम सागरला. कॉलेजात ते पॉइंट गार्ड होते. पॉइंट गार्ड म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "वाढपी. बॉल घेऊन वर यायचं, पंगतीत कोण उपाशी आहे ते बघायचं आणि त्याच्या पानात वाढायचं. स्वतः शेवटी जेवायचं. कधी कधी उरतच नाही."

ही वाढप्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला आणि पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात आला की तो तिथे टिकत नसे. एकीकडून घेतला की दुसरीकडे दिलेला असायचा, आणि मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की भुवड सरांनी स्वतः घेतलाच नाही. बोलताना ते आधी समोरच्याचं नाव घेत आणि मग थांबत, जणू तुम्ही पास झेलायला तयार आहात की नाही ते बघताहेत. स्टेशनबाहेरच्या गर्दीतून ते असे चालत की त्यांचा कुणाला धक्का लागत नसे आणि त्यांनाही कुणाचा लागत नसे. त्यांच्या मागोमाग चालले की मला आपोआप वाट मिळे.

त्यांच्या कॉलेजच्या फायनलची गोष्ट त्यांच्या सगळ्या जुन्या मित्रांना पाठ होती. टीम एका पॉइंटने मागे, शेवटचे काही क्षण, बॉल भुवडांच्या हातात आणि समोर बास्केट. यांनी बॉल मारायच्या ऐवजी खाली उभ्या असलेल्या मित्राला दिला. मित्र चुकला, मॅच गेली. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, कुठल्याही बारशात कुणी ना कुणी त्यांना धरून विचारतंच, अरे भुवड, तू का नाही मारलास? एकदा मीही विचारलं.

"तो मोकळा होता, मॅडम."

"पण तो चुकला ना?"

"चुकला. पण मोकळा होता."

यापुढे ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मला आधी वाटायचं हा हट्ट आहे. मग वाटायला लागलं की या माणसाला खरोखरच दुसरं उत्तर सुचत नाही.

आमचे हेड कोच होते फर्नांडिस सर. भाईंदरचे, धिप्पाड, आणि आवाज असा की पलीकडच्या सोसायटीतली कुत्री भुंकायला लागायची. मॅच सुरू झाली की ते कोर्टच्या कडेने येरझारा घालत. भुवड सर मात्र बाकावर बसून असायचे. कोर्टवर पाच मुली खेळतात आणि बाकीच्या बाकावर असतात. त्या बाकीच्यांमध्ये भुवड सर बसत. "खेळणाऱ्यांचे कोच फर्नांडिस सर, बसणाऱ्यांचा मी," असं ते म्हणायचे. मला आधी ती थट्टा वाटली, पण ते अगदी मनापासून बोलत होते.

त्यांच्या खांद्याला एक काळी पिशवी असे. तिच्यात लिंबं, मीठ, सेफ्टी पिना आणि केसांना लावायचे रबर असत. केस डोळ्यांवर येतात म्हणून मुलीचा नेम चुकतो हे त्यांना सोसवत नसे. शांती नगरातल्या कटलरीवाल्याची तर समजूत होती की या गृहस्थांना घरात मुलीच मुली आहेत. प्रत्यक्षात त्यांना एकुलता एक मुलगा, तोही केस बारीक कापणारा आणि तबला वाजवणारा.

मॅचमधून बाहेर काढलेली मुलगी बाकावर येते ती रडवेली असते किंवा रागावलेली. भुवड सर तिला काही समजावत बसत नसत. शेजारी जागा करून देत, पाणी देत, आणि थोड्या वेळाने विचारत, "ती सात नंबरवाली डावीकडेच का वळते गं?" ती मुलगी नाक ओढत बघायला लागे आणि पाच मिनिटांत आपलं रडणं विसरून सरांनाच समजावून सांगत असे. ज्या मुलींना खेळायला मिळण्याची फारशी आशा नव्हती, त्यांनाही ते असेच कामाला लावत. मलासुद्धा त्यांनी लावलं. एकदा माझ्या हातातला गठ्ठा बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बॉल बघता म्हणून तुम्हाला कंटाळा येतो. बॉल नसलेली मुलगी बघा." मी बघायला लागले, आणि त्या वर्षी सहामाहीच्या उत्तरपत्रिका द्यायला मला इतका उशीर झाला की प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून विचारलं.

बाकावर सगळ्यात जास्त काळ बसलेली मुलगी म्हणजे हेतल. तिच्या पप्पांचं शांती नगरात फरसाणाचं दुकान. मुलगी गुबगुबीत, हसरी, आणि बॉल तिच्या हातात आला की साबण निसटावा तसा निसटायचा. पण प्रॅक्टिस कधी चुकवायची नाही. आठवीपासून ती बाकावर सरांच्या शेजारी बसत आली आणि तिथे बसून बसून तिचं मराठी असं सुधारलं की माझ्या वर्गातली बाकीची मुलं तोंडात बोटं घालायची. ते श्रेय माझं नव्हतं. समोरच्या टीमची कोणती मुलगी दमलीय, कुणाचा पाय दुखतोय, हे हेतल सरांच्याही आधी ओळखायची. फर्नांडिस सर तिला हसून म्हणायचे, "हेतल, तू प्लेयर नहीं, सीसीटीव्ही है."

भुवड सरांचा एक नियम होता. दहावीत गेलेली प्रत्येक मुलगी शाळेसाठीच्या तिच्या शेवटच्या मॅचमध्ये कोर्टवर उतरणार. ती कशीही खेळो, थोडा वेळ का होईना, उतरणार. फर्नांडिस सर कुरकुरायचे, "ठीक है भुवड, लेकिन एक मिनट," आणि मग ऐकायचे. मुलींना हा नियम परीक्षेच्या टाइमटेबलइतका पक्का माहीत होता. हेतल तीन वर्षं त्या मिनिटाची वाट बघत होती.

ती दहावीत गेली त्याच वर्षी फर्नांडिस सरांना बोरिवलीच्या एका क्लबने बोलावून घेतलं, ऐन स्पर्धेच्या तोंडावर. शाळेने टीम भुवड सरांच्या हाती दिली. तात्पुरती. प्रिन्सिपल मॅडमनी स्पष्ट सांगितलं, कमिटी म्हणतेय फायनल जिंकली तर हेड कोच तुम्हीच, नाहीतर बाहेरून माणूस आणू.

मला वाटलं होतं, वाढप्याला याचं काय. पण एका मॅचहून परतताना बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर होते. मुली मागे गाणी म्हणत होत्या. मान न वळवता ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं दुसऱ्याची टीम सांभाळली. एकदा तरी ही टीम माझी आहे असं म्हणावंसं वाटतं हो." मी म्हटलं, "तुमचीच आहे." ते म्हणाले, "तसं नाही." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

फायनल भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या कोर्टवर होती. त्या दिवशी हेतलच्या पप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. दिवाळीत दुपारभर बंद ठेवणं ज्याच्या जिवावर येई तो माणूस बायकोला आणि आईला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता, आणि मांडीवर सगळ्या टीमला पुरेल एवढ्या जिलेबी-फाफड्याचा बॉक्स. हेतलची बा, म्हणजे आजी, दर शिट्टीला गुजरातीत विचारायची, "हवे हेतल?", आता हेतल का, आणि पप्पा म्हणायचे, "हमणां, बा, हमणां."

भुवड सर त्या दिवशी उभे होते. मी त्यांना मॅच चालू असताना उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढवायची सवय नाही म्हणून त्यांचा घसा पहिल्या अर्ध्या तासातच बसला. मॅच अटीतटीची चाललेली, कधी आम्ही पुढे तर कधी त्या. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका बास्केटने पुढे होतो. सर बाकाकडे वळले आणि म्हणाले, "हेतल, जा."

तिने जॅकेट काढलं, बुटाची नाडी पुन्हा बांधली आणि टेबलाकडे धावली. आत जाणाऱ्या मुलीने आधी स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन आपला नंबर सांगायचा आणि खेळ थांबेपर्यंत तिथल्या खुर्चीवर बसायचं, अशी पद्धत. हेतल त्या खुर्चीच्या टोकावर बसली. तिची आजी उभी राहिली. बाकावरच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

तेवढ्यात समोरच्या टीमने बास्केट केलं आणि बरोबरी झाली. खेळ चालूच होता. मी सरांकडे पाहिलं. ते बोर्डकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग परत बोर्डकडे. बाकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. बॉल रेषेबाहेर गेला, रेफरीने शिट्टी वाजवली, हेतल खुर्चीवरून उठली, आणि टेबलावरून बदलीचा भोंगा वाजायच्या आत सर बसलेल्या आवाजात ओरडले, "हेतल, नको. मागे ये."

टेबलापर्यंत गेलेल्या मुलीला परत बोलावलेलं मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. नियमात बसतं म्हणे. ती परत आली, जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बसली. तिच्या शेजारची सरांची जागा रिकामी होती. त्या क्षणी मला सरांचा राग आला होता, आणि तो आला होता हे मी लपवत नाही.

आम्ही एका बास्केटने जिंकलो. मुली किंचाळत एकमेकींवर पडल्या. हेतलही त्यांच्यात होती, कपच्या फोटोत ती हसतानाच दिसते. तिच्या पप्पांनी बॉक्स उघडला आणि एकेकीला जिलेबी वाटली. सरांच्या समोर आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घास भरवला आणि म्हणाले, "काँग्रेच्युलेशन सर, टीम जीत गई." सरांना तो घास गिळता येईना. बराच वेळ त्यांचा गाल तसाच फुगलेला होता.

दोन-तीन दिवसांनी सर स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, हेतलच्या घरी जायचंय. तुम्ही याल का?" मी गेले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. तिच्या आईने चहा आणि खाखरे ठेवले. इकडचं तिकडचं काही न बोलता सर सरळ म्हणाले, "हेतल, माझं चुकलं."

ती बेडच्या कडेला बसली होती. म्हणाली, "नाही सर. मला आत टाकलं असतं तर आपण हरलो असतो. मला पण माहितीये मी कशी खेळते."

"तरी चुकलं."

तिने चहाचा कप सरांच्या पुढे सरकवला. मग म्हणाली, "सर, नव्हतं खेळवायचं तर नव्हतं खेळवायचं. मी बसले असते ना. रोज बसतेच. पण टेबलपर्यंत नव्हतं पाठवायचं. बा उभी राहिली होती."

सरांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आपण एक मॅच ठेवू. रविवारी. रेफरी बोलावतो, दोन्ही टीम बोलावतो, तू पूर्ण वेळ खेळ." सोळा वर्षांची ती पोर, तिने मान हलवली. "नको सर. ती मॅच नाही ना ती." यात उद्धटपणा नव्हता. जिना उतरताना सर एका पायरीवर थांबले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. मी पुढे जाऊन खाली वाट बघत थांबले.

पुढे दहावीची परीक्षा झाली आणि हेतल शाळेतून गेली. मुलींच्या निरोप समारंभात ती माझ्या पाया पडली, सरांच्याही पडली. पण निकालानंतर बाकीच्या जुन्या मुली जशा संध्याकाळी कोर्टवर यायच्या, बाकावर टेकायच्या, सरांच्या पिशवीतलं लिंबू मागायच्या, तशी ती कधी आली नाही. सर शांती नगरातून जाताना फरसाणाच्या दुकानावरचा सरळ रस्ता सोडून मागच्या गल्लीने जायला लागले. एकदा तिच्या पप्पांनीच मला हटकलं, "मॅडम, भुवड सर आजकल दिखते नहीं. नाराज हैं क्या?" काय सांगणार? मी पाव किलो पापडी घेतली आणि म्हटलं, काम वाढलंय त्यांचं.

काम वाढलंच होतं. कमिटीने शब्द पाळला होता आणि भुवड सर हेड कोच झाले होते. त्यांच्या बायकोने हौसेने त्यांना नवा ट्रॅकसूट घेतला, त्यांनी तो इमानदारीने घातलाही. पण त्या वर्षभर मला त्यांच्याकडे बघवेना. ते कडेला उभे राहायचे आणि मध्येच मागे वळून बाकाकडे बघायचे, आणि तेवढ्यात पुढे काहीतरी होऊन जायचं. वर्ष संपलं तेव्हा ते प्रिन्सिपल मॅडमकडे गेले आणि म्हणाले, मला पुन्हा असिस्टंट करा. मॅडम चकित झाल्या. "अहो सर, लोक वर चढायला धडपडतात." मी तिथेच सह्या घेत उभी होते म्हणून सरांचं उत्तर ऐकलं. "मॅडम, उभं राहिलं की मला बाक दिसत नाही. मी माणूस बरा आहे तो बसलेला असतानाच." मॅडमना ते कळलं असावं असं वाटत नाही. पण पगार कमी घेणाऱ्याला कोण नाही म्हणणार? एक तरुण कोच आली, हुशार, तडफदार, ओरडणारी. भुवड सर पुन्हा बाकावर गेले.

कॉलेजच्या त्या पासबद्दल लोक त्यांना अजूनही विचारत. टेबलापर्यंत जाऊन परत आलेल्या मुलीबद्दल कुणीच विचारत नव्हतं, कारण आम्ही जिंकलो होतो. मला वाटतं, त्यांना तेच जास्त सोसत नव्हतं. एकदा कोर्टवर जाळी बांधताना ते आपणहून म्हणाले, "हरलो असतो ना मॅडम, तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी भांडलं असतं माझ्याशी." मी म्हटलं, "सर, आता पुरे." मला त्यांची फार माया वाटली, पण अशा वेळी काय बोलायचं हे मराठीच्या बाईला तरी कुठे येतं.

मी निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. घर तिथेच आहे, त्यामुळे भाजी आणायला शाळेवरूनच जाते. मागच्या थंडीत एका संध्याकाळी कोर्टवर मॅच चालू दिसली म्हणून मी आत शिरले आणि मागे कठड्याला टेकून उभी राहिले. नवी कोच येरझारा घालत होती. बाकावर मुलींच्या मध्ये भुवड सर. केस पार पांढरे झालेले. एका रडणाऱ्या मुलीला ते काहीतरी विचारत होते आणि ती समोर बोट दाखवून सांगत होती.

फाटकातून एक मुलगी आत आली. पाठीला कॉलेजची सॅक, हातात हेल्मेट. चालीवरून मी हेतलला ओळखलं. ती माझ्यासमोरून गेली, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कोर्टच्या कडेकडेने वळसा घालून ती बाकाच्या मागे जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. परत फिरते की काय, असं मला वाटलं.

मग एका मुलीने सरांना कोपराने खुणावलं. सर वळले. चाचरत म्हणाले, "हेतल. मॅच बघायला आलीस होय? बघ की. समोर खुर्च्या आहेत, तिथून चांगली दिसेल."

"मॅच बघायला नाही आले सर," ती म्हणाली. "बसायला आले."

सर बाजूला सरकले आणि तिला जागा झाली.